दोन डावे पंख

दुपारची जेवणं झाली होती. जाईबाई आतल्या खोलीत कमलाकांतच्या बायकोचे, नलूचे पाय चोळत बसली होती. त्यानं जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, हातानं बांधलेल्या छोट्या विमानाचे दोन्ही पंख त्यावर शेजारी शेजारी ठेवले आणि जोडायला घेतले, तर ते जोडले जाईनात. आधी त्याला वाटलं, चष्म्याचा दोष असणार. चष्मा पुसून झाला. मग वाटलं, आपण पंख उलटा धरलाय. उजवा म्हणून ठेवलेला पंख त्यानं फिरवून घेतला, तर त्याची जाड कड, जी वारा कापत पुढे जायची, ती शेपटीकडे आली. पुन्हा फिरवला. कड पुढे आली, पण निमुळतं टोक डावीकडेच गेलं. शेवटी पंख पालथा घातला. टोक उजवीकडे आलं खरं, पण फुगीर लाल पाठ टेबलाला टेकली आणि सपाट पांढरं पोट छताकडे बघायला लागलं. देवळातून बाहेर आल्यावर एकाच पायाच्या दोन चपला हाती लागाव्यात, तसा तो टेबलापाशी उभा राहिला. त्यानं दोन डावे पंख बनवले होते. नुसते बनवले नव्हते. दोन्हींवर रंगीत फिल्म चढवून, इस्त्री फिरवून, नावाला सुरकुती राहू न देता चकचकीत करून ठेवले होते. आणि इतके दिवस ते समोर दिसत असून त्याला एकदाही शंका आली नव्हती.

अशा विमानाच्या नकाशावर एकच पंख काढलेला असतो, डावा. एक तर कागद वाचतो, आणि दुसरं म्हणजे बांधणाऱ्याला तेवढी अक्कल असेल असं नकाशा काढणाऱ्यानं गृहीत धरलेलं असतं. नकाशा फळीवर ताणून बसवायचा, त्यावर पातळ प्लॅस्टिक पसरायचं, बाल्सा लाकडाच्या हलक्या पट्ट्या टाचण्यांनी जागच्या जागी रोवायच्या आणि एकेक फासळी चिकटवत जायचं. झाला डावा पंख. उजव्यासाठी नकाशा पालथा घालायचा आणि पाठीमागून रेघा दिसाव्यात म्हणून कागदाला खोबरेल तेल चोळायचं. कागद तेलकट होतो, आरपार दिसायला लागतं, आणि डाव्याचा उजवा होतो. ठाकूरद्वारच्या वाडीत पोरवयात तो विमानं करायचा तेव्हा आई ओरडायची, डोक्याला लावायचं तेल कागदांना पाजतोस म्हणून. त्या घरातली त्याची सगळी विमानं थोडी थोडी केसांसारखा वास मारायची. या घरातही खोबरेलाची बाटली होती, रोज हाताळली जात होती, आत्ता या क्षणीसुद्धा जाईबाईच्या मांडीशी होती. फक्त ती नकाशापर्यंत आली नव्हती. कमलाकांतनं आयुष्यभर फोर्टातल्या एका कंपनीत ड्राफ्ट्समनची नोकरी केलेली. यंत्रांचे नकाशे काढायचे, डावं अंग, उजवं अंग, वरून, खालून. नव्या पोरांनी काढलेला उलटा भाग तो दारातून आत येता येता ओळखायचा आणि त्यांची अशी काही हजामत करायचा, की ऑफिसात त्याला पाठीमागे 'आरसा' म्हणत. त्या आरशाला आता त्याच्याच टेबलावर तडा गेला होता.

आतून जाईबाईचा आवाज आला, "काका, काय ओ पाडलात?" त्यानं काही पाडलं नव्हतं. खुर्ची ओढून तो मट्कन बसला होता, इतकंच. "काय नाही," तो म्हणाला. ही जाईबाई वरळीहून यायची. बीडीडी चाळीत तिचा जन्म गेलेला, नवरा गिरणीतला, तोही गेलेला. आयांच्या ब्युरोतून दिवसभरासाठी म्हणून आली आणि चार दिवसांत घर तिचं झालं. कमलाकांतच्या विमानावर तिचा राग होता. "इमान उडतला कधी ता सांगा," असं ती सकाळी झाडू मारता मारता विचारायची, आणि उत्तराची वाट न बघता टेबलाखालचा भुसा गोळा करून न्यायची. रविवारी क्षितिजा बंगळूरहून येणार होती. मुलगीच ती, पण या वेळी येणार होती ती उत्तर घ्यायला. कर्जतच्या पुढे एक केंद्र होतं, लकव्याच्या माणसांसाठी. बाग, व्यायाम, बोलायला शिकवणाऱ्या बाया, चोवीस तास नर्स. तिथं एक खोली रिकामी झाली होती आणि ते लोक ती फार दिवस अडवून ठेवणार नव्हते. "तीन महिन्यांसाठी बाबा, मग बघू," क्षितिजा म्हणायची. 'मग बघू' म्हणजे काय ते कमलाकांतला ठाऊक होतं. त्याच्या मावशीलाही असंच 'मग बघू' म्हणून देवळालीला ठेवलं होतं, ती परत आलीच नाही. नलूला हे अजून कुणी नीट विचारलेलं नव्हतं, आणि ते विचारायचं काम साहजिकच त्याच्याकडे होतं. गेले कित्येक आठवडे तो एकच सांगत आला होता, की मी खंबीर आहे, माझे हातपाय धड आहेत, डोकं धड आहे, मी आहे तोवर नलू कुठंही जाणार नाही. हे तो मोठ्या आवाजात सांगायचा, आणि फोन ठेवला की बाथरूममध्ये जाऊन नुसताच उभा राहायचा.

विमानाचं सामान त्यानं मागवलं ते इस्पितळातून. हे त्यानं कुणाला सांगितलेलं नव्हतं. नलू आत होती, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात कुणा दुसऱ्याचा असावा तसा चादरीवर पडलेला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, जीव वाचलाय, बाकी काय वाचलंय ते हळूहळू कळेल. त्याचा जीव भांड्यात पडला. त्याला रडू यायला हवं होतं. पण तो कॉरिडॉरमधल्या गार बाकावर बसला, फोन काढला आणि छोट्या विमानांचे नकाशे बघायला लागला. नोकरी, संसार, क्षितिजाचं शिक्षण या सगळ्यात पंचवीस-तीस वर्षं त्याला विमान बांधायची हुक्की आली नव्हती, ती नेमकी तिथं फिनेलच्या वासात आली. दोन मोटरींचं एक सुबक विमान त्याला आवडलं, पंख जोडल्यावर टेबलाच्या रुंदीएवढं होणारं. नकाशा, लाकूड, मोटरी, फिल्म, सगळं त्यानं तिथल्या तिथं मागवून टाकलं. नर्सनं हाक मारली तेव्हा चोरी पकडल्यासारखा त्यानं फोन खिशात घातला. नंतर त्याला वाटायचं, बायको मरता मरता वाचली त्या घटकेला माणूस खेळणं मागवतो, हा कसला माणूस? पण मागवलं होतं खरं. एकाच मोटरचं विमान सोपं, हे त्याला कळत होतं. दोन मोटरींची एक खोड असते. उडताना एक बंद पडली तर विमानाचं नाक त्या बंद पडलेल्या बाजूला वळायला लागतं. नवखा माणूस घाबरतो आणि चालू मोटरला आणखी जोर देतो. तिथंच विमान उलटतं आणि जमिनीला लागतं. खरं म्हणजे चालू आहे तिचाच जोर कमी करायचा असतो. हे वाचताना त्यानं घाईघाईनं पान बंद केलं होतं. जन्मभर नकाशे काढलेल्या माणसाला असल्या गोष्टींतून अर्थ काढत बसायची सवय नसते, आणि असली तर ती मोडायला हवी, असं त्याचं मत होतं.

सगळ्या कामात त्याला खरं सुख लागलं ते फिल्म चढवण्यात. नलूची प्रवासाची छोटी इस्त्री होती, क्षितिजाच्या लग्नात घेतलेली, ती त्यानं या कामाला लावली. फिल्मचा पाठीमागचा कागद सोलायचा, ती पंखाच्या सांगाड्यावर अलगद पसरायची आणि आधी फक्त कडांना इस्त्री टेकवत चिकटवत जायची. या वेळी ती अगदी गचाळ दिसते, ढिली, चुरगळलेली, आणि वाटतं की आपण सगळं वाया घालवलं. मग मधल्या भागावरून गरम इस्त्री नुसती टेकते न टेकते अशी फिरवायची. फिल्म आक्रसते, सुरकुत्या डोळ्यांदेखत नाहीशा होतात, आणि बोटानं टिचकी मारली तर ढोलकीच्या पानासारखा आवाज येतो. फक्त एकाच अंगावर फार वेळ थांबायचं नाही. वर थोडी, खाली थोडी. नाहीतर एक बाजू दुसरीला ओढते आणि अख्ख्या पंखाला पीळ पडतो. तो वर फिरवायचा, पंख उलटायचा, खाली फिरवायचा. त्या वेळी त्याच्या डोक्यात काही नसायचं, ना गोळ्या, ना बेडपॅन, ना रक्तदाब. खिडकीतून शिवाजी पार्कावरच्या नेटमधला बॅटीचा आवाज यायचा, आणि कुणीतरी कुणालातरी 'बॉल दे रे' म्हणून ओरडायचं. जाईबाई मात्र दारात येऊन उभी राहायची. "काका, ह्याचा वास काकींच्या डोक्यात जातो हां. खिडकी उघडा बघू ती दुसरी." तो निमूटपणे खिडकी उघडायचा. नलूला वास आवडायचा, हे त्याला माहीत होतं. तिनं एकदा डाव्या हातानं नाकाकडे बोट दाखवून मान हलवली होती, हो म्हणून. पण हे जाईबाईला सांगून भांडण कोण ओढवून घेणार?

आता ते दोन्ही पंख समोर होते. पहिला विचार आला तो गोळ्यांचा. पंखाचं असं झालं तर गोळ्यांचं काय? तो उठला, आत गेला, आणि जाईबाईला संशय येऊ न देता नलूच्या उशाशी असलेला गोळ्यांचा डबा घेऊन बाहेर आला. एकेक कप्पा उघडून डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून पाहिला. सकाळची रक्त पातळ करायची, दुपारची, रात्रीची अर्धी. सगळ्या बरोबर होत्या. त्यानं स्वयंपाकघरात जाऊन गॅसचं बटण पाहिलं, बंद होतं. दुधाचा निरोप दिला होता, विजेचं बिल भरलं होतं, किल्ल्या खुंटीला होत्या. क्षितिजाचा फोन नंबर त्यानं मनात म्हणून पाहिला, मग ऑफिसचा जुना नंबर, मग ठाकूरद्वारच्या घरमालकाचं नाव. सगळं जागच्या जागी. खुंटीपाशी उभ्या उभ्या त्याच्या ध्यानात आलं, की एकेक गोष्ट बरोबर निघत गेली तसा त्याला आनंद होत नाहीये. त्याची निराशा होत होती. कुठंतरी गॅस चालू सापडावा, एखादी गोळी चुकीच्या कप्प्यात निघावी, अशी तो मनातून वाट पाहत होता. हे लक्षात आलं तेव्हा त्याला स्वतःची शिसारी आली. पण शिसारीच्या खाली दुसरंही काही होतं, आणि ते त्याला लपवता येईना. दोन डावे पंख बघून तो घाबरला होता, ते खरं. पण त्याच्याही आधी, अगदी पहिल्या क्षणाला, त्याला हलकं वाटलं होतं. सुटलो, असं वाटलं होतं. डोकंच ठिकाणावर नसलेल्या माणसाकडून कुणी काय अपेक्षा करणार? त्याला कुणी खंबीर राहा म्हणणार नाही. त्याला नलूला काही विचारावं लागणार नाही. क्षितिजाच येऊन दोघांचंही बघेल, कदाचित दोघांनाही एकाच गाडीत घालून नेईल, आणि तो खिडकीतून बाहेर बघत बसेल. त्यात त्याचा काही दोष नसेल.

मग तो पुन्हा टेबलाशी येऊन बसला आणि विकासची आठवण काढायला लागला. विकास हा ठाकूरद्वारचा मित्र. दोघं मिळून विमानं करायचे. तेव्हा फिल्म कुठली, पतंगाचा कागद खळीनं चिकटवायचा आणि वरून लॅकर मारायचं. या विकासनं एकदा दोन डावे पंख केले होते. अख्ख्या वाडीत हसं झालं होतं. पुढं कित्येक वर्षं कुणाच्याही लग्नात, बारशात, गच्चीवरच्या कोजागिरीला कमलाकांत हा किस्सा रंगवून सांगायचा. विकास कसा पंख गरगर फिरवत होता, कसा पालथा घालत होता, शेवटी कसा रडकुंडीला आला. विकास शेजारी बसून स्वतःच सगळ्यात मोठ्यानं हसायचा. मध्यंतरी विकास गेला. त्याच्या तेराव्यालासुद्धा कमलाकांतनं तो किस्सा सांगितला होता आणि विकासची बायको बकुळा डोळे पुसत पुसत हसली होती. असली चूक विकासनं करावी, कारण विकास धांदरट. कमलाकांतच्या हातून ती होते याचा अर्थ एकच. त्यानं ठरवून टाकलं, रविवारी क्षितिजाला हे पंख दाखवायचे. आपण तोंडानं काही म्हणायचं नाही. तिच्यासमोर नुसते जोडून बघायचे, जमत नाहीयेत असं करायचं, आणि मग तिच्याकडे बघायचं. पोरगी हुशार आहे, समजून घेईल. तिथं बसल्या बसल्या तो चेहरासुद्धा कसा करायचा ते त्यानं ठरवलं. एरवी संध्याकाळी तो विमान आवरून कपाटात ठेवायचा. आज त्यानं ते टेबलावर तसंच राहू दिलं.

चहाच्या वेळी जाईबाईनं नलूला चाकाच्या खुर्चीत बसवून बाहेर आणलं. नलूचे केस विंचरून मागे बांधले होते, गाऊनवर तिची जुनी फिकी शाल होती. "काकी आज गुणाची हत्," जाईबाई म्हणाली. "उपमा सगळा खाल्ला. काका, तुमचा तोंड का असा?" तिनं टेबलाचा अर्धा भाग फडक्यानं पुसून घेतला, पंखांना हात न लावता. त्यांना ती कधीच हात लावायची नाही. चहा ठेवून ती पिशवी घेऊन निघाली. दार लागल्यावर घर एकदम मोठं वाटायला लागलं. कमलाकांतनं बशीत चहा ओतून नलूच्या तोंडाशी नेला. तिनं दोन घोट घेतले, मान बाजूला केली आणि पंखांकडे पाहिलं. तो बशी घेऊन तसाच बसला. नलू बराच वेळ बघत होती. तिचे डोळे एका पंखाच्या टोकाकडून दुसऱ्याच्या टोकाकडे गेले आणि परत आले. गिरगावातल्या शाळेत ती भूमिती शिकवायची. मग तिच्या छातीत काहीतरी हललं. आधी त्याला वाटलं ठसका लागला, तो पाणी घ्यायला उठणार होता. पण ती हसत होती. तोंडाची एकच बाजू वर जात होती, खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा हसत होती, आणि कशाला, तर याला.

"दो... न्ही," ती म्हणाली. एकेक शब्द तिला खालून उचलून आणावा लागायचा. "डावे."

"हो," तो म्हणाला. "दोन्ही डावे. बघ ना. हे असलं आजवर एकट्या विकासनं केलं होतं, आता मी. माझं काही खरं नाही नलू." शेवटचं वाक्य त्यानं रविवारच्या तालमीसारखं म्हटलं.

तिचं हसणं थांबलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि डावा हात उचलून नकाराचा हलवला. "विकास... नाही."

"काय विकास नाही?"

"तुम्ही."

"मी काय?"

तिनं डोळे मिटले. शब्द शोधताना ती तशी डोळे मिटायची. त्याला मदत करावीशी वाटली, पण तो सुचवायला गेला की ती चिडायची. "माळा," ती म्हणाली. मग, "निळा." मग पुष्कळ वेळानं, "दिवाळी. मी... काढला."

आणि कमलाकांतला तो दिसला. ठाकूरद्वारच्या घराचा माळा, लग्नानंतरची पहिली दिवाळी, साफसफाईला पदर खोचून शिडीवर चढलेली नलू, आणि तिच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला निळ्या पतंगाच्या कागदाचा पंख. हा कुणाचा हो, तिनं वरून विचारलं होतं. खाली विकास उभा होता, शिडी धरून. नव्या बायकोसमोर आपली लाज निघेल म्हणून कमलाकांतच्या तोंडून निघून गेलं होतं, हा विकासचा, त्यानं दोन डावे केले होते. विकासनं वर पाहिलं होतं, एकदा कमलाकांतकडे पाहिलं होतं, आणि हसून म्हणाला होता, होय वहिनी, आमचाच तो. बस, त्या दिवसापासून तो विकासचा झाला. कमलाकांतनं तो इतक्यांदा विकासचा म्हणून सांगितला, की सांगता सांगता स्वतःलाच पटवून बसला. गरगर फिरवणारा, पालथा घालणारा, रडकुंडीला आलेला तो स्वतःच होता. आणि नलूला हे सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं. त्या डाव्या पंखावर त्याचं अक्षर होतं ना, पेन्सिलीनं लिहिलेलं, 'उजवा' म्हणून. त्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या साखरपुड्यानंतर तिला येत होत्या. प्रत्येक लग्नात, प्रत्येक कोजागिरीला ती शेजारी बसून ऐकत राहिली आणि एका शब्दानं बोलली नाही.

त्याला विकासच्या बाबतीत लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही, पण ती नंतर पोचली. आधी पोचलं ते दुसरंच. म्हणजे पोरवयातही त्याच्या हातून हेच झालं होतं. तेव्हा काही डोकं गेलं नव्हतं. म्हणजे आताही गेलेलं नाही. तो पहिल्यापासून असाच होता, अधूनमधून डावं-उजवं चुकणारा एक साधा माणूस, आणि आत्ताही तो शंभर टक्के शुद्धीवर होता. रविवारची सगळी तालीम फुकट गेली. दुपारपासून छातीत जी एक हलकी जागा झाली होती ती भरून आली. क्षितिजाला काय सांगायचं ते आता शहाण्या माणसानं सांगायला हवं होतं, आणि नलूला विचारायचं तेही. त्याच्या हातातली बशी कलंडली आणि चहा वर्तमानपत्रावर सांडला. त्यानं तो पुसला नाही.

"नलू," तो म्हणाला, "माझं डोकं शाबूत आहे गं."

तिनं मान हलवली, ठाऊक असल्यासारखी.

"मी नुसता दमलोय. फार दमलोय. सकाळी डोळे उघडले की मला वाटतं, पुन्हा?" एवढं बोलल्यावर त्याला वाटलं आता काहीतरी कोसळेल. घरातलं काही हललं नाही. पार्कावर कुणीतरी शिट्टी वाजवली. "क्षितिजानं एक जागा बघितलीय. कर्जतला. मला वाटलं... मला वाटलं, माझंच डोकं गेलंय असं ठरलं, तर ते आपोआप होईल. मला तुला विचारावं लागणार नाही."

नलूनं डोळे मिटले. बराच वेळ ती शब्द शोधत होती. तिच्या कपाळावर घाम आला, तो त्यानं शालीच्या टोकानं टिपला.

"त्यासाठी," ती म्हणाली, "वेडं... नको... व्हायला."

तो रडला. टेबलावर कोपरं टेकून, पंखांच्या मध्ये डोकं घालून, नाक वाहीपर्यंत रडला. नलूचा डावा हात त्याच्या मानेपाशी येऊन पडला, आधार द्यायला की जवळ होता म्हणून, ते त्यानं पाहिलं नाही. इस्पितळाच्या बाकावर जे यायचं राहिलं होतं ते आता आलं होतं. ते ओसरल्यावर त्याला भूक लागल्याचं जाणवलं.

फोन वाजला तेव्हा दिवे लागले होते. रोज याच सुमाराला क्षितिजा फोन करायची. "बाबा, रागावू नका, पण त्यांना उद्यापर्यंत कळवायचंय. नाहीतर खोली दुसऱ्यांना देतील. मी रविवारी येतेच आहे, पण—"

"क्षितिजा, ऐक," तो म्हणाला. "मी काही खंबीर-बिंबीर नाही. मला झेपत नाही. आजारी नाही, विसरत नाही, माझं सगळं ठीक आहे. नुसतं झेपत नाही."

इतके दिवस पोरगी याच वाक्यासाठी मागे लागली होती. "बाबा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज लहानपणीसारखा झाला. "मग आई? आईला विचारलंत?"

नलूनं डावा हात पुढे केला होता. त्यानं फोन स्पीकरवर टाकला आणि तिच्या तोंडाशी धरला.

"आई? आई गं, ऐकतेयस ना?"

नलूचे ओठ हलले. जीभ टाळ्याला लावायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला. "मी," ती म्हणाली, "ये... ते."

"येतेस? इकडे बंगळूरला? अगं, मीच येतेय ना परवा, मी म्हणत होते ते कर्जतचं—"

कमलाकांतनं फोन खाली घेतला. शाळेला निघताना, पर्स खांद्याला लावून, एक पाय चपलेत घालून, आत न बघता नलू रोज तेच म्हणायची, येते हं. निघणाऱ्या माणसानं उंबऱ्यात 'जाते' म्हणू नये, एवढ्याचसाठी त्या घरात येणंजाणं सगळं त्या एका शब्दात व्हायचं. त्यानं नलूकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिनं डाव्या हातानं शाल खांद्यावर ओढून घेतली होती आणि ती दाराकडे बघत होती.

"बाबा? काय म्हणतेय ती? कुठे येते म्हणतेय?"

"निघते म्हणतेय," तो म्हणाला.